चाकं तुमची, जमीन पार्कची

लीड्सहून एका वाचकाचं पत्र आलंय. ऑगस्टमध्ये रत्नागिरीहून आई-बाबा येताहेत, त्यांना आठवडाभर यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीला न्यायचंय. कॉटेजचे ९०० पाउंड क्रेडिट कार्डावर टाकावेत की आयसातून (करमुक्त बचत खात्यातून) काढावेत? आणि शेवटी जाता जाता एक ओळ: ‘पुढच्या वर्षीपासून हा खर्च नाहीच. रॉबिन हूड्स बेजवळच्या पार्कात ४२ हजारांची स्टॅटिक कॅराव्हॅन (पार्कच्या जागेवर कायम उभं असलेलं चाकांवरचं घर) बुक केलीय, १२ आठवडे भाड्याने दिली की १७ टक्के सुटतात.’

कॉटेजचं म्हणाल तर दोघंही कमावता, दोन पगारांतून बाजूला काढा. आता त्या शेवटच्या ओळीकडे येऊ.

१२ आठवडे, ६०० पाउंडांनी, ७,२०० झाले. त्याला ४२ हजारांनी भागलं की झाले १७ टक्के. सेल्समनच्या कागदावर खर्चाचा रकानाच नाही! पार्कचं २० टक्के कमिशन १,४४०. साफसफाई आठवड्याला ६०, म्हणजे ७२०. उरले ५,०४०. साइट फी, म्हणजे पार्कच्या जागेचं वर्षाचं भाडं, तुम्हीच लिहिलीय, ५,८००. इथेच ७६० खिशातून गेले. गॅस आणि विम्याचे ७०० धरा. कॅराव्हॅन तिथे ठेवायचं लायसन्स १५ वर्षांचं, नंतर ती उचलून न्यायची, म्हणजे भंगारातच. हा घसारा वर्षाला २,८००. आयसातले ४२ हजार मोडले नसते तर ४ टक्क्यांनी १,७०० मिळाले असते, तेही गेले. एकूण तोटा वर्षाला सहा हजारांच्या घरात. एवढ्यात तुमच्या त्याच कॉटेजचे साडेसहा आठवडे होतात.

आणि ६०० पाउंड देणारं गिऱ्हाईक येतं कधी? शाळांच्या सुट्ट्यांत. मग आई-बाबांना काय नोव्हेंबरात उत्तर समुद्राच्या वाऱ्यात बसवणार?

‘सेकंड होम असून दुप्पट कौन्सिल टॅक्स (घरपट्टी) नाही’ असंही सेल्समनने सांगितलंय. खरं आहे. २०२२ मध्ये व्हिटबीकरांनी मतदान करून सांगितलं, नवी घरं इथे कायम राहणाऱ्यांनाच द्या. एप्रिल २०२५ पासून नॉर्थ यॉर्कशायरमध्ये सेकंड होमवर दुप्पट कर आला. कॅराव्हॅनला तो लागत नाही, कारण ते घर नव्हेच. पार्क विकला गेला, फी वाढली, तर तुमच्या हातात फक्त कागद.

उरलेल्या कागदांवर सही करू नका. बुकिंगचे हजार परत मिळाले तर उत्तम, बुडाले तरी स्वस्तात सुटलात.

व्हिटबीला मात्र जाच. टेकडीवरच्या जुन्या मठाच्या, ॲबीच्या १९९ पायऱ्या बाबांना चढायला लावू नका, गाडी वरच्या पार्किंगला न्या. खाली हेन्रिएटा स्ट्रीटवर १८७२ पासून एका दुकानात ओकच्या धुरावर हेरिंग मासे धरतात, भिंती डांबरासारख्या काळ्या झाल्यात. रत्नागिरीकरांना ते दुकान वासानेच सापडेल. तिथून स्टेद्झ हे कोळ्यांचं गाव गाडीने अर्ध्या तासावर.

आणि हो, आई-बाबांच्या प्रवास विम्याचा पत्रात उल्लेखच नाही. भारतातून आलेल्या पाहुण्याला इथे हॉस्पिटलात दाखल करावं लागलं, तर एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) दीडपट दराने बिल लावते. तिकिटं काढली असतील तर विमा आजच काढा.