व्हर्जिनियातील जुनी घराणी आणि त्यांची पत्रे: नव्या अभ्यासकासाठी

अठराव्या शतकातील व्हर्जिनियाच्या जमीनदार घराण्यांची पत्रे वाचायला घेताना आधी तारखेकडे नीट पाहा. १७५२ पूर्वी तिथे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१/३२ असा जोडवर्षात (जुन्या गणनेने १७३१, आजच्या गणनेने १७३२) नोंदलेला आढळतो. नात्यांचे शब्दही फसवे आहेत. त्या काळी ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावईच असेल असे नाही, तो सावत्र मुलगाही असू शकतो.

घरगुती पत्रे आणि दाव्याची कागदपत्रे वेगवेगळी वाचू नका, असे मी आग्रहाने सांगेन. डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. त्यामुळे त्यांच्या विधवेला, म्हणजे पुढे वॉशिंग्टन यांच्या पत्नी झालेल्या मार्था यांना, मालमत्तेच्या एक तृतीयांश भागाचा केवळ हयातीपुरता हक्क मिळाला आणि बाकी दोन मुलांकडे गेले. त्या भागात गुलाम माणसेही होती. म्हणूनच १७९९ च्या मृत्युपत्रात वॉशिंग्टन यांना स्वतःच्या मालकीच्या गुलामांच्या मुक्ततेची तरतूद करता आली, पण कस्टिस मालमत्तेतील माणसांना मुक्त करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मालमत्तेच्या यादीत गुरे आणि भांडी यांच्याबरोबर माणसांची नावे किंमत लावून लिहिलेली दिसतील. ती ओळ भराभर ओलांडू नका. प्रत्येक नाव वेगळे टिपून ठेवा, कारण अनेकांची लिखित नोंद तेवढीच उरली आहे.

रक्कम स्टर्लिंगमध्ये, म्हणजे ब्रिटिश चलनात, आहे की व्हर्जिनियाच्या चलनात, हेही दरवेळी तपासा.