फुकटातला इंजिनिअर नको सर, 15 हजार खर्च करा

परभणीच्या एका शिक्षकांनी विचारलंय. 18 वर्षं जुनं रो हाऊस 44 लाखात मिळतंय, 30 लाख कर्ज काढणार, बाकी स्वतःचे. घर तपासून लेखी रिपोर्ट द्यायला नांदेडचा एक स्ट्रक्चरल इंजिनिअर 15 हजार मागायलाय, आणि एजंट म्हणायलाय, सर कशाला खर्च करता, आपला माणूस फुकटात बघून देईल, शिवाय बँकेचाही माणूस येणारच आहे. तर हे 15 हजार घालावेत का?

घालाच सर. तुमच्याच आकड्यांवरून बघा. जवळ 18 लाख, त्यातले 14 घराला, स्टॅम्प ड्युटी अन् रजिस्ट्रेशनला जवळपास 3, म्हणजे हातात राहिला 1 लाख, आणि साडेआठ टक्क्यानं 20 वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता 26 हजाराच्या आसपास. अशात पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला तर पैसा आणायचा कुठून? पर्सनल लोन, नाहीतर घरातलं सोनं गहाण. मला तुमच्या हप्त्यापेक्षा ह्याचीच जास्त काळजी वाटते.

बँकेचा माणूस व्हॅल्युएशनला येतो. कर्ज थकलं तर घर विकून बँकेचे पैसे निघतील का, एवढंच त्याला बघायचं असतं, तो गच्चीवर चढेलच असं नाही. एजंटच्या माणसाचं तर सांगायलाच नको, व्यवहार मोडला तर एजंटची दलाली गेली, आणि ह्याला पुढची कामं त्याच एजंटकडून मिळायची, तो 'घेऊ नका' म्हणेल कसा? वॉटरप्रूफिंगवाले फ्री इन्स्पेक्शन करतात, त्यांनाही बोलावू नका, त्यांना स्वतःचं काम विकायचं असतं. ज्याची फी फक्त तुम्ही देताय आणि जो नंतर दुरुस्तीचं काम घेणार नाही, असाच माणूस पाहिजे.

आता तो नांदेडचा इंजिनिअर तरी लायक आहे का ते बघा, कारण आपल्याकडं घर तपासणाऱ्याचं वेगळं असं सरकारी लायसन्स नाही, कुणीही बोर्ड लावू शकतो. सिव्हिलची डिग्री, जमलं तर स्ट्रक्चरमध्ये एम.ई., महापालिकेचं लायसन्स, आणि आधी केलेला एखादा रिपोर्ट नावं झाकून दाखवायला सांगा. त्यात फोटो, दोष कुठं आहे, कशामुळं आहे आणि दुरुस्तीला अंदाजे किती लागतील हे असलं पाहिजे. एका पानावर 'घर सुस्थितीत आहे' एवढंच लिहून शिक्का मारत असेल तर दुसरा शोधा.

आणि फोनवरच विचारा, काळ्या मातीतली घरं किती तपासलीत? परभणीची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घर तिच्याबरोबर हलत राहतं. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक भेगांना घाबरू नका, पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, बोटाचं नख आत जाईल अशी भेग असेल तर ती का पडली हे त्यानं लेखी सांगितलं पाहिजे. तपासणीला स्वतः हजर राहा. अख्खं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली तर तिथं थांबा, बोटानं ठोका, बद्द आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. बाथरूमच्या वरचा स्लॅब खालून बघा, गंजलेली सळई दिसते का. गच्चीचा कोबा बघा.

तुम्ही लिहिलंय की वरचा मजला मालकानं नंतर चढवला. माझं डोकं तिथंच अडकलंय. खालचे कॉलम तेवढं वजन पेलतील का, हे नुसत्या डोळ्यांनी कुणालाच सांगता येणार नाही, त्यासाठी काँक्रीट किती भक्कम आहे ते बघणाऱ्या रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक अशा टेस्ट करून घ्या, 15 हजारात त्या धरल्यात का ते आधी विचारा, नसतील तर वरचे पैसे द्या पण टेस्ट सोडू नका. तो मजला महापालिकेच्या मंजूर नकाशात आहे का हे वकिलाकडून काढून घ्या, ते इंजिनिअरचं काम नाही.

नंतर मालकाला धरू म्हणाल, तर रेराची (बिल्डरांवरच्या कायद्याची) 5 वर्षांची स्ट्रक्चरची हमी बिल्डरवर असते, 18 वर्षं जुन्या घराला तिचा उपयोग नाही. माहीत असलेला दोष विकणाऱ्यानं लपवू नये असं 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो खरा, पण त्याला माहीत होतं हे कोर्टात सिद्ध तुम्ही करायचं, तोवर हप्ते चालूच.

म्हणून रिपोर्ट येईपर्यंत मोठा इसार देऊ नका. मालक 5 लाख मागायलाय, तुम्ही 51 हजार द्या आणि इसार पावतीत स्पष्ट लिहून घ्या की तपासणीत स्ट्रक्चरचा दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत. तयार नसेल तर आधी तपासणी, मग इसार. दुरुस्तीचा आकडा निघाला की तोच कागद समोर ठेवून भाव कमी करून मागा, आणि मला कळवा, कर्ज किती घ्यायचं ते त्यावरून परत बसवू.