लाईन आली, लाईन फुटली

तासगावच्या एका वाचकानं विचारलंय, "आमच्याकडं रात्री 'लाईन आली' म्हटलं की माणूस मोटार चालू करायला पळतो, 'लाईन फुटली' म्हटलं की खोरं घेऊन पळतो. या इंग्रजी शब्दाचे अर्थ आहेत तरी किती? आणि मराठीत नेमकं काय म्हणायचं?"

दोर, रेघ, ओळ, रांग, तार, रूळ, सीमा, वंश, धंदा, नटाच्या तोंडचं वाक्य... यादी लांबत जाते. मूळ मात्र जवसात सापडतं. लॅटिनमध्ये जवस म्हणजे लीनुम आणि त्याच्या खोडाच्या धाग्याचा दोरा म्हणजे लीनेआ. लिनन कापड त्यातलंच. कपड्याला आतून लिननचं अस्तर लावत, म्हणून लायनिंग. जवसाच्या तेलापासून होतं ते जमिनीवर अंथरायचं लिनोलियमही याच भावकीतलं. आपण जवसाची चटणी करून मोकळे झालो!

दोरा ताणला की सरळ रेघ मिळते, बाकीचे बरेच अर्थ तिथून फुटले. सांगलीत कुठंही बांधकामावर बघा, पाया आखताना गवंडी दोन खुंट्यांना दोरी ताणतो आणि तिच्या कडेनं फक्की टाकतो. त्या कामाला 'लाईनआऊट' म्हणतात. पण भिंत सरळ आहे का हे सांगताना तोच गवंडी म्हणणार, 'सुतात आहे.' सूत म्हणजेही दोराच की! सुतासारखा सरळ, कामाचं सूत्र, दोघांचं सूत जुळणं, हे सगळं आपण कापसाच्या दोऱ्यावर केलं.

धंद्याचा अर्थ जरा आडवळणाचा. ठरलेल्या मार्गानं ये-जा करणाऱ्या जहाजांच्या कंपनीला शिपिंग लाईन म्हणू लागले, पुढं विमानांची एअरलाईन झाली. मार्केट यार्डातला अडत्या 'आमची लाईन हळदीची' म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यातही वाटच असते. पोलीस लाईन म्हणजे नुसती घरांची रांग.

तेव्हा एकच प्रतिशब्द मागू नका. कवितेची ओळ, रेशनची रांग, वहीतली रेघ, हे शब्द हाताशी असताना तिथं लाईन कशाला? वीज आणि पाइप यांच्यापुरती ती खुशाल राहू द्या. 'जलवाहिनी फुटली' हे छापायला ठीक आहे, बांधावरून तसं ओरडलात तर खोरं घेऊन कुणी येणार नाही.

राहता राहिलं 'लाईन मारणं'. हे इंग्रजाला शब्दशः सांगितलंत, तर पोरगा पट्टी घेऊन रेघा ओढतोय असंच त्याला वाटेल.