पहिली गिटार घेताना

नाव आणि रंग बघून गिटार घेऊ नका, आधी मांडीवर घेऊन वाजवून बघा. माझ्याकडे स्ट्रॅटोकास्टर आहे आणि लेस पॉलही, दोन्ही इलेक्ट्रिक गिटार. स्ट्रॅटची स्केल लांबी, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, २५.५ इंच, लेस पॉलची साधारण २४.७५. फरक पाऊण इंचाचाच, पण त्याच जाडीच्या तारा लेस पॉलवर जरा सैल लागतात, बेंड (तार बोटानं ओढून सूर चढवणं) सहज निघतो. ब्लूज वाजवायचा म्हटलं की हात आपोआप तिकडेच जातो. वजन मात्र खांदा मोडणारं!

तुम्ही अकूस्टिक (विजेशिवाय वाजणारी) घेणार असाल तर बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपाशी, तार किती उंच आहे ते पाहा. सगळ्यात जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर ठीक. चार असेल तर एफ कॉर्ड (एका बोटानं अनेक तारा दाबायचा सूरमेळ) धरताना बोटं रडतील आणि दोष तुम्ही स्वतःलाच द्याल. मग तिथेच हार्मोनिक वाजवा, म्हणजे तार न दाबता तिच्यावर बोट नुसतं टेकवून छेडा; तोच फ्रेट दाबूनही वाजवा. दोन्ही सूर जुळायला हवेत. नाही जुळले तर कदाचित तारा जुन्या असतील; नव्या चढवून पुन्हा ऐकवायला सांगा. 'सेटअपमध्ये (तारांची उंची, सूर वगैरे जुळवताना) होईल' असं विकणारा म्हणाला, तर सेटअप करूनच द्या म्हणावं.