खड्डा खणणारा दास

चिरंजीवास,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

प्रबंधाचे तिसरे प्रकरण चार महिने जागचे हललेले नाही, मार्गदर्शक प्राध्यापकांचा फोन आला की तू तो नुसता वाजू देतोस, आणि दर रविवारी उपासनेत आळसाच्या पापाची कबुली देऊन सोमवारी पुन्हा तेच करतोस, असे तू लिहिले आहेस. तू आळशी आहेस हे मला पटलेले नाही. याच चार महिन्यांत तू सगळी टिपणे दोनदा सुवाच्य अक्षरात उतरवून काढलीस, हेही तुझ्याच पत्रात आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २५व्या अध्यायातला तिसरा दास पुन्हा एकदा सावकाश वाच. धनी परदेशी जाताना तिघा दासांकडे आपला पैसा सोपवून गेला, आणि याने आपल्या वाट्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवला. धनी त्याला आळशी म्हणतो खरा, पण जमीन खणून त्यात पैसा पुरायला त्यालाही घाम गाळावा लागलाच असेल; सोपवलेले काम तेवढे त्याने केले नाही. जाब देताना तो 'मी भ्यालो' म्हणतो, आणि भ्यालो कशाला, तर धनी कठोर आहे अशी त्याची समजूत. दुसरे दोघेही त्याच धन्याचे दास. त्यांनी मात्र व्यापार केला, म्हणजे बुडण्याचा धोका पत्करला. दिरंगाईचे मूळ मला तरी या समजुतीत दिसते. 'अरे आळशा, मुंगीकडे पाहून शीक' असे म्हणत तुला नीतिसूत्रांतली मुंगी दाखवणारे पुष्कळ भेटतील. पण मुंगीला कोणी प्रबंध तपासून परत देत नाही.

माझेच सांगतो. भांडण होऊन दुरावलेल्या एका सहकाऱ्याचे अंतर्देशीय पत्र आले, तेव्हा नीट विचार करून उत्तर द्यावे म्हणून मी ते बायबलमध्ये ठेवले. रोजच्या वाचनाबरोबर ते खुणेसारखे पुढे सरकत उत्पत्तीतून निघून यशयापर्यंत पोहोचले. वाचन एक दिवस चुकले नाही, उत्तर मात्र गेले नाही. शेवटी लिहिले ते चार ओळींचे, आणि त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत.

सलग आठ दिवस मोकळे मिळाले की बसेन, असे तू म्हणतोस. केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो स्त्रिया-मुलींचा कारभार पाहत पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले, आणि १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत त्या त्याच कामात होत्या. त्यांच्या वाट्याला असे आठ दिवस कधी आले असतील, असे मला वाटत नाही.

म्हणून नवा संकल्प नको, वेळापत्रक तर मुळीच नको. (तुझी वेळापत्रके मी पाहिली आहेत, दोन रंगांच्या शाईने आखलेली असतात.) उद्या सकाळी प्रार्थना झाली की जागेवरून उठण्याआधी प्राध्यापकांना फोन लाव आणि प्रकरण झालेले नाही एवढेच सांग, कारणे सांगू नकोस. मग तिसऱ्या प्रकरणाचा एक परिच्छेद लिही, वाईट झाला तरी खोडू नकोस, आणि रविवारी भक्तीनंतर तो मला वाचून दाखव. मी मागच्या बाकावर थांबेन.

तुझा,
काका