वाचकांचे प्रश्न : रेंज संपते तिथून पुढे

गेल्या महिन्यात फोर-बाय-फोर गाडी घेऊन आडवाटेला जाण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली जवळजवळ निम्मी पत्रं फोनवरच्या नकाशांबद्दल आहेत, म्हणून या वेळी फक्त तेवढाच विषय घेते. मी अठ्ठावीस वर्षं कालव्यांच्या आखणीचं काम केलं. जमिनीचा चढउतार मोजायची डंपी लेव्हल खांद्यावर घेऊन सातारा-सांगलीची शिवारं पायी तुडवली. त्यामुळे नकाशाबद्दल मला जे वाटतं ते मोकळेपणाने लिहिते.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र सप्टेंबरमध्ये थार घेऊन मनालीहून स्पितीतल्या काझाला जाणार आहोत. ग्रांफूच्या पुढे रेंज नसते म्हणतात. मग जीपीएस चालेल का? आणि अ‍ॅप कोणतं घ्यावं? (नाशिकचे एक वाचक)

उत्तर : रेंजचा आणि जीपीएसचा संबंध नाही, हे आधी मनात पक्कं करा. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून सतत बोलत असतात आणि आपला फोन नुसता ऐकत असतो. चार उपग्रह नीट ऐकू आले की आपण कुठे आहोत हे फोनला कळतं. रेंज गेली की जातो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. फोनमध्ये निळा ठिपका असतो आणि भोवती कोरी पाटी, असं चित्र पाहिलं असेल तर त्याचं कारण हेच.

म्हणून नाशिकमध्येच परीक्षा घ्या. नकाशा उतरवून (डाउनलोड करून) घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि त्र्यंबकेश्वरहून जव्हारकडे एक चक्कर मारा. ठिपका रस्त्यावरून सरकतोय, गावांची नावं दिसताहेत, नकाशा मोठा केल्यावर गल्ल्याही उघडताहेत, एवढं झालं तर हिमाचलमध्येही तो चालेल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नेटवर्क असताना फोनला उपग्रहांची माहिती आयती मिळते. नेटवर्क नसेल तर ती उपग्रहांकडूनच ऐकावी लागते. एका उपग्रहाला आपली कक्षा सांगायला तीस सेकंद लागतात, आणि दोन्ही बाजूंना कडे असले की मध्येच आवाज तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. चंद्रा नदीच्या दरीत बंद फोन चालू करून ‘जीपीएस बिघडलं’ म्हणणारे मी पाहिलेत. बिघडलेलं काही नसतं, पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं. अटल बोगद्यातून बाहेर पडून कोकसरला चहा घ्याल तेव्हा ठिपका आलाय ना ते पाहा आणि पुढे फोन बंद करू नका.

अ‍ॅप एकच घेऊ नका. दोन घ्या, आणि ती दोन वेगळ्या नकाशांवर चालणारी असू द्या. गुगल मॅप्सचा भाग उतरवून घ्या, मोठे रस्ते आणि पेट्रोलपंप यांसाठी तो चांगला आहे. दुसरं अ‍ॅप ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं घ्या. हा नकाशा २००४ पासून जगभरचे स्वयंसेवक काढताहेत. त्यात ऑरगॅनिक मॅप्स अगदी सोपं आहे. ऑसमँड शिकायला दोन संध्याकाळी जातील, पण त्यात समोच्च रेषा दिसतात. मी ऑसमँड वापरते, ते त्या रेषांसाठीच. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, एवढं ओळखता आलं की पुढचं वळण दिसायच्या आधी गिअर कोणता लागेल ते समजतं. या नकाशात कच्च्या वाटांना पाच श्रेणी दिलेल्या असतात. पहिली म्हणजे जवळजवळ पक्का रस्ता, पाचवी म्हणजे मऊ माती-गवतातली चाकोरी. आपल्याकडे बऱ्याच वाटांवर ही नोंदच नसते. नोंद नसलेली वाट सगळ्यात वाईट प्रतीची आहे असं धरून चालायचं.

आता खरा मुद्दा. अ‍ॅप तुम्हाला वेळ सांगेल, तिच्यावर बेत आखू नका. रस्ता कोणत्या वर्गातला आहे ते पाहून अ‍ॅप हिशेब करतं. छत्रू ते बातलच्या टप्प्यात रस्त्यावरून वाहणारे नाले त्याला ठाऊक नाहीत. सकाळी पाणी कमी असतं. ऊन चढलं, वरचा बर्फ वितळू लागला की दुपारी तोच नाला बंपरला लागतो. म्हणून मनाली पहाटे सोडायची, आणि टाकी भरूनच, कारण या वाटेवर पुढचा पंप काझालाच आहे. निघण्याआधी नकाशावर स्वतःच्या हाताने एक खूण करा आणि तिला वेळेचं नाव द्या. मी बातलवर खूण केली होती, ‘१२ वाजेपर्यंत, नाहीतर मागे.’ बातलच्या पुढची कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे उशिरा पोचून, थकलेल्या डोक्याने ‘आता एवढं आलोच आहोत तर’ असं ठरवणं धोक्याचं. मागे फिरायचा निर्णय घरी, जेवणाच्या टेबलावर घेतलेला बरा.

आणि निघाल्यापासून ट्रॅक नोंदवणं चालू ठेवा. आलेली वाट नकाशावर रेघ होऊन उमटत जाते. धुक्यात किंवा अंधारात परतायची वेळ आली तर त्या रेघेइतका भरवशाचा मार्गदर्शक नाही, कारण त्या वाटेवरून तुमची गाडी खरंच गेलेली असते. बाकी चार्जिंगच्या दोन वायरी, आणि घरातला एखादा जुना फोन तेच नकाशे भरून थंडीपासून जपून ठेवा, बॅटरी थंडीत भराभर उतरते.

प्रश्न : कच्छच्या छोट्या रणातून गेलेल्या एका ग्रुपची तीन वर्षांपूर्वीची जीपीएक्स फाइल मिळाली आहे. तीच लावून सरळ गेलं तर चालेल ना? (पुण्याच्या एक वाचक)

उत्तर : नाही. आणि याबाबतीत मी कुणाचाही आग्रह ऐकणार नाही.

छोटं रण दर पावसाळ्यात पाण्याखाली जातं. पाणी ओसरलं की जमीन नव्याने तयार होते, गेल्या वर्षीच्या चाकोऱ्या पुसल्या जातात, आणि मिठागरांवर काम करणारे अगरिया पुन्हा येऊन नव्या वाटा पाडतात. तुमच्या फाइलमधली रेघ त्या वर्षीच्या त्या दिवसाची आहे. जीपीएक्स फाइल म्हणजे ठिपक्यांची यादी. प्रत्येक ठिपक्याला अक्षांश, रेखांश, बहुतेक वेळा उंची आणि वेळ. जमीन ओली होती की वाळलेली, ही गोष्ट तिच्यात कुठेच नसते.

आम्ही एका फेब्रुवारीत बजाणाच्या बाजूने आत गेलो होतो. वनखात्याची परवानगी होती, सोबत तिथला वाटाड्या होता, आणि माझ्या फोनवर दोन वर्षांपूर्वीचा एक ट्रॅक होता. समोर सपाट, पांढुरकी, फुटक्या काचेसारखी तडकलेली जमीन. रेघ सरळ तिच्यावरून जात होती आणि मी जिप्सी त्याच दिशेला लावली. वाटाड्याने हात वर केला. खाली उतरला, वीस-पंचवीस पावलं चालला आणि टाच जोरात आपटली. पापुद्रा फुटला आणि खालून काळा चिखल वर आला. चार चाकं फिरणारी गाडी तिथे काय करणार? चारही चाकांनी रुतणार. आम्ही आमच्याच चाकांच्या खुणांवरून मागे आलो आणि रणातल्या एका बेटाच्या, म्हणजे उंचवट्याच्या, कडेकडेने लांबचा फेरा घेऊन गेलो. फेऱ्याला दोन तास जास्त लागले. त्या दोन तासांत रानगाढवांचा एक कळप आमच्या समांतर धावत होता, ते दृश्य मी अजून विसरलेले नाही.

जुनी फाइल टाकून द्या असं मी म्हणत नाही. बेटं कुठे आहेत, गावं कुठे आहेत, हे समजायला ती उपयोगी आहे. पण जाण्याच्या आठवडाभर आधी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची ताजी चित्रं पाहा. ती कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवं चित्र येतं, आणि त्यातला एक ठिपका जमिनीवरच्या दहा मीटरचा असतो. गाडी दिसणार नाही, पण पाणी कुठवर आहे आणि कुठली जमीन अजून काळपट ओली आहे ते स्पष्ट दिसतं. हे घरबसल्या करायचं. तिथे पोचल्यावर मात्र टाच आपटणाऱ्या माणसाचंच ऐकायचं.

प्रश्न : वडिलांकडे सर्व्हे ऑफ इंडियाची महाबळेश्वर भागाची जुनी टोपोशीट (चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा) आहे. तिच्यावरून काढलेले अक्षांश-रेखांश फोनमध्ये टाकले की खूण भलतीकडेच पडते. चूक कुणाची? (वाईचे एक वाचक)

उत्तर : कुणाचीच नाही, आणि ही शीट कृपा करून जपून ठेवा. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट नावाच्या लंबगोलावर काढलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात भारताच्या मोजणीसाठी पृथ्वीचा जो आकार धरला, तो हा. तुमचा फोन डब्ल्यूजीएस ८४ हा आकार धरतो. तोच आकडा दोन्हींवर मांडला तर आपल्या भागात जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. घाटात शंभर मीटर म्हणजे वाट सोडून कड्याच्या कडेला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नव्या ओपन सिरीज शीट डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत, त्या फोनशी जुळतात. जुन्या शीटवर ओढे, पाणवठे आणि वाडीवस्तीची नावं इतकी मनापासून लिहिली आहेत की ती वाचायला म्हणून मी आजही उघडते. आकडे मात्र तिच्यावरून घेत नाही.

प्रश्न : अमेरिकेतला भाऊ उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र आणतोय. दुर्गम भागात उपयोगी पडेल ना? (ठाण्याचे एक वाचक)

उत्तर : त्याला आजच फोन करून आणू नको म्हणा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण किंवा सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि परदेशातून आलेल्या प्रवाशांना या कारणावरून विमानतळावर अडवून गुन्हे दाखल झालेले आहेत. नुसतं ऐकणारं जीपीएस वेगळं, आकाशाशी बोलणारं वेगळं.

प्रश्न : अ‍ॅपवर सह्याद्रीत कितीतरी कच्चे रस्ते दिसतात. ते सगळे गाडीने जाण्यासारखे असतात का? (चिपळूणच्या एक वाचक)

उत्तर : नकाशावर रेघ असणं म्हणजे परवानगी नव्हे. कोयना, चांदोलीच्या परिसरातल्या कित्येक वाटा अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात जातात, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही. आणि सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर, गाडी घालू नका, ही माझी हात जोडून विनंती. कातळावरचा मातीचा थर बोटभर असतो, त्यावरच पावसाळ्यात फुलं येतात. एकदा चाकोरी पडली की कित्येक पावसाळे ती भरून येत नाही. वर तुम्ही तुमचा ट्रॅक सगळ्यांना पाठवलात तर मागून दहा गाड्या त्याच रेघेवरून येणार. सड्यावरून गेलेला कोणाचा ट्रॅक माझ्याकडे आला तर मी तो पुढे पाठवत नाही.

रस्ता खुला असला तरी तो आज तिथे आहे का, हे विचारावं लागतं. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतुळजवळ रात्रीच्या वेळी एक गाडी सरळ धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. नकाशात पूल होता. पूल पाण्याखाली होता. त्या भागातल्या कोणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. म्हणून पाटबंधाऱ्याजवळ, नदीकाठी, अंधारात अनोळखी वाट असेल तर गाडी थांबवा, दिवा घेऊन खाली उतरा, पायाने पाहून या.

प्रश्न : माझा मुलगा मित्रांबरोबर असा फिरायला जातो. दोन-दोन दिवस फोन लागत नाही. घरी बसून मी काय करू शकते? (कोल्हापूरच्या एक वाचक)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. फिरणाऱ्यांपेक्षा घरी थांबणाऱ्याचं काम अवघड असतं.

लाइव्ह लोकेशनवर विसंबू नका. इंटरनेट गेलं की ते शेवटच्या जागी गोठतं आणि आपला जीव टांगणीला लागतो. त्यापेक्षा निघण्याआधी त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या. त्यावर कुठल्या दिवशी मुक्काम कुठे, गाडीचा नंबर, बरोबर कोण कोण आणि त्यांच्या घरचे फोन. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक वेळ, ‘अमुक दिवशी दुपारी बारापर्यंत माझा फोन आला नाही तर चौकशी सुरू कर.’ तोपर्यंत काळजी करायची नाही आणि त्यानंतर वाट पाहायची नाही. जिथे जाणार तिथल्या पोलीस ठाण्याचा नंबरही त्यालाच शोधून लिहायला सांगा. तुम्ही कोल्हापुरातून ११२ लावला तर तो महाराष्ट्राच्याच नियंत्रण कक्षात जाईल.

रेंजचा एखादा कोपरा मिळाला तर व्हॉट्सअ‍ॅपची वाट न पाहता साधा एसएमएस करायला सांगा, तो अगदी कमी सिग्नलवरही निघतो. त्यात जागा आकड्यांत लिहायची, आणि एकाच पद्धतीने. सतरा अंश तीस मिनिटं म्हणजे दशांशात १७.५०. कोणी घाईत ते १७.३० असं लिहिलं तर शोधणारी माणसं बावीस किलोमीटर दक्षिणेला जाऊन पोचतील. म्हणून आमच्या घरी नियम आहे, नेहमी दशांशात, पाच आकड्यांपर्यंत, अ‍ॅपमधून कॉपी करूनच.

माझा असा कागद कराडला माझ्या वहिनींकडे असतो. त्यांनी त्यासाठी दोनशे पानी वही केली आहे. स्पितीच्या पानावर माझ्या एसएमएसमधला आकडा त्यांनी उतरवून घेतला आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘काझा, संध्याकाळी ६.१०, जेवली नाही अजून.’