चाळीस अंशांखाली जेवण नाही

प्रश्न : माझे आजोबा नौदलात होते. ऐंशीच्या दशकात ते जहाजाने अंटार्क्टिकाला जाऊन आले. आम्ही थंडीबद्दल विचारायचो, तर ते एवढंच म्हणायचे, ‘‘चाळीस अंशांखाली जेवण नाही, साठ अंशांखाली झोप नाही.’’ ते गेल्यावर ट्रंकेत एक फोटो सापडला. बर्फावर लाकडी घर आणि पाठीमागे लिहिलंय ‘दक्षिण गंगोत्री’. त्यांच्या बोलण्याचा अर्थ काय? ते घर अजून आहे का?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : ताई, आजोबा अगदी खरं सांगत होते. मी वाई तालुक्यातला. नौदलाच्या चेतक हेलिकॉप्टरची देखभाल करणाऱ्या तुकडीतून त्याच दशकात तिकडे गेलो होतो. लोक थंडीचं विचारतात, आम्हाला आधी आठवतो तो वाटेतला समुद्र. आजोबांचे अंश तापमानाचे नव्हेत, दक्षिण अक्षांशांचे.

दक्षिणेला चाळीस अक्षांश ओलांडले की पश्चिमेचा वारा अडवायला जमीन जवळपास नाहीच. तो पृथ्वीभोवती फिरत राहतो आणि लाटा फुगत जातात. त्यात बर्फासाठी बांधलेल्या जहाजाचा तळ गोलसर. बर्फात तो कामाचा, पण उघड्या समुद्रात जहाज या कुशीवरून त्या कुशीवर लोळतं. ताटं घसरू नयेत म्हणून टेबलावर ओली चादर अंथरायची. पातेली शेगडीला बांधलेली. भात-आमटी एकाच वाडग्यात कालवून, भिंतीला पाठ टेकून खायची. कित्येकांना तेही जात नसे. आमच्या तुकडीला वेगळाच घोर होता, हेलिकॉप्टर जखडलेल्या पट्ट्यांचा. रात्री उठून एकेक पट्टा हाताने ओढून बघायचो.

पुढे, साठ अंशांखाली, तरंगता बर्फ लागतो आणि लाटा दबतात. जहाज एकदम डुलायचं थांबलं, तेव्हा आजारी पडलेली माणसंसुद्धा डेकवर आली होती. पोटाला आराम मिळाला, पण झोप गेली. बर्फाचे तुकडे जहाजाच्या पत्र्याला घासत जातात आणि तो आवाज थेट उशाशी. सत्तर अक्षांशाजवळ डिसेंबरात सूर्य मावळतही नाही. खिडकीवर कांबळं टांगून पडायचं. हिमकड्याला जहाज लागलं की माल उतरवायची घाई, कारण हवा बिघडली तर कडा सोडून लांब जावं लागतं. मग पाळ्या लावून अहोरात्र काम.

दक्षिण गंगोत्री हे आपलं पहिलं ठाणं, १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत उभारलेलं. ते समुद्रावर तरंगणाऱ्या हिमस्तरावर होतं. वर्षागणिक बर्फ साचून ते गाडलं गेलं आणि १९९०मध्ये बंद झालं. त्याआधीच, १९८९मध्ये, शिर्माकर परिसरातल्या खडकावर ‘मैत्री’ हे आपलं दुसरं ठाणं बांधून झालं होतं. तेव्हा ते घर आता बघायला मिळणार नाही. तुमच्या फोटोत ते पायापासून छपरापर्यंत मोकळं दिसत असेल, तर फोटो सुरुवातीच्या वर्षांतला धरा.

आजोबांच्या नोकरीच्या कागदांत मोहिमेची नोंद आहे का तेवढं पाहा आणि वर्ष मला कळवा. त्या खेपेचं कोणी ओळखीचं असेल, तर मी विचारून बघतो.